छाया मंत्रिमंडळ: विरोधकांनी खाती वाटून घ्यावीत का?

सभागृहप्रेमी

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संसदीय लोकशाहीत विरोधी पक्षाचं काम काय, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, सरकारला धारेवर धरणं. बरोबरच आहे. पण धारेवर धरायचं तर खात्याचा अभ्यास लागतो, आणि अभ्यास म्हणजे वर्षानुवर्षं एकाच खात्याच्या मागे लागणं. आज अर्थसंकल्पावर, उद्या संरक्षणावर, परवा शेतीवर असा एकच फर्डा वक्ता बोलत राहिला तर भाषणं रंगतात, बाकं वाजतात, मंत्री मात्र निर्धास्त असतो. हा गृहस्थ पुढचे सहा महिने आपल्या खात्याकडे फिरकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

ब्रिटनच्या संसदेत यावर जो तोडगा हळूहळू तयार झाला तो म्हणजे छाया मंत्रिमंडळ. अर्थमंत्र्यासमोर छाया अर्थमंत्री, गृहमंत्र्यासमोर छाया गृहमंत्री. त्या खात्याचं विधेयक आलं की पक्षातर्फे तोच बोलणार, खात्यात गडबड झाली की जाब तोच विचारणार, आणि "तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं?" या प्रश्नाचं उत्तरही त्यालाच द्यावं लागणार. मला हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. नुसता विरोध करून सुटता येत नाही. पर्याय मांडावा लागतो, त्याचा खर्च सांगावा लागतो आणि पैसा कुठून आणणार तेही सांगावं लागतं.

एक उदाहरण देतो. गॉर्डन ब्राऊन १९९२ ते १९९७ या काळात मजूर पक्षाचे छाया अर्थमंत्री होते. १ मे १९९७ ला निवडणूक झाली आणि पक्ष सत्तेवर आला. ६ मे ला, म्हणजे खुर्चीत बसून आठवडाही झाला नव्हता, ब्राऊन यांनी व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे देत असल्याचं जाहीर केलं. तोवर दर किती ठेवायचा याचा शेवटचा शब्द अर्थमंत्र्याचा असे. एवढा मोठा निर्णय चार-पाच दिवसांत सुचत नाही. ब्राऊन आणि त्यांचे सल्लागार एड बॉल्स यांनी विरोधी बाकांवर असतानाच त्याची जुळवाजुळव केली होती. खासगीकरण झालेल्या वीज, पाणी वगैरे कंपन्यांवरच्या एकरकमी कराचंही तसंच. निवडणुकीआधीच त्याचा आराखडा तयार होता, आणि त्यातून सुमारे ५.२ अब्ज पौंड उभे राहिले.

मला वाटतं, प्रत्येक गंभीर विरोधी पक्षानं हे करायला हवं. नावांची यादी जाहीर करणं सोपं असतं. त्या नावांना काम करता येईल अशी व्यवस्था सभागृहात आणि पक्षात आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. यावर तुमची मतं हवी आहेत.

प्रश्नचिन्ह

छान विषय. काही भाबडे प्रश्न आहेत. या छाया मंत्र्यांना पगार मिळतो का? खात्याच्या फायली बघता येतात का? अधिकाऱ्यांना बोलावून माहिती विचारता येते का? तिन्हीची उत्तरं "नाही" असतील तर हे लोक अभ्यास करतात तरी कशाच्या जोरावर?

सभागृहप्रेमी

भाबडे कसले, हेच कळीचे प्रश्न आहेत.

पगार: ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेत्याला खासदारकीच्या वर वेगळं वेतन आहे, त्यांच्या मुख्य प्रतोदालाही आहे. छाया अर्थमंत्री किंवा छाया गृहमंत्र्याला वेगळं काही मिळत नाही, फक्त खासदाराचा पगार.

फायली: नाही. सरकारी कागद सरकारचेच. राष्ट्रीय सुरक्षेच्या बाबतीत विरोधी पक्षनेत्याला गोपनीयतेच्या शपथेवर माहिती दिली जाते, तेवढा अपवाद.

अधिकारी: एरवी नाही, पण निवडणूक जवळ आली की हो. १९६४ साली पंतप्रधान अ‍ॅलेक डग्लस-होम यांनी विरोधकांना वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांना भेटायची मुभा दिली आणि तेव्हापासून तो पायंडा चालू आहे. छाया मंत्री खात्याच्या सचिवाला भेटतो आणि आपण आलो तर काय काय करणार ते सांगतो. अधिकारी ऐकून घेतात, अंमलबजावणीबद्दल विचारतात, सल्ला मात्र देत नाहीत. त्या बैठकीत काय झालं ते सत्तेतल्या मंत्र्याच्या कानावर जात नाही. सरकार बदललं तर पहिल्याच दिवशी खातं नव्या मंत्र्यासमोर त्याच्याच योजनांवरची टिपणं ठेवू शकतं.

तळटीप

मी थोडा इतिहास जोडतो, कारण ही व्यवस्था एका दिवसात कुणी कायदा करून आणलेली नाही.

"राजाचा विरोधी पक्ष" हा शब्दप्रयोग १८२६ साली जॉन कॅम हॉबहाउस यांनी कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, पहिल्यांदा वापरला. सरकारला विरोध म्हणजे राज्याशी द्रोह नव्हे, ही कल्पना तिथे रुजायला फार काळ जावा लागला होता. १९३७ च्या कायद्यानं विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वर्षाला २००० पौंड वेतन ठरलं. सरकार पाडायला बसलेल्या माणसाला सरकारनंच पगार द्यायचा! मला ही गोष्ट संसदीय इतिहासातली फार मोठी झेप वाटते.

एकेका खात्याला ठरलेला माणूस ही शिस्त त्यामानानं अलीकडची, १९५० च्या दशकातली. आणि पैशाचा प्रश्न १९७५ मध्ये सुटायला लागला. तेव्हाचे सभागृह नेते एडवर्ड शॉर्ट यांच्या नावानं ओळखला जाणारा 'शॉर्ट मनी' सुरू झाला. मिळालेल्या जागा आणि मतं यांच्या हिशेबानं विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी निधी मिळतो. त्यातून संशोधक आणि सहायक नेमता येतात. प्रश्नचिन्ह, "कशाच्या जोरावर" याचं बरंचसं उत्तर इथे आहे. १९७५ आधी छाया मंत्री जवळजवळ एकटाच असायचा, स्वतःच्या पत्रव्यवहाराबरोबर खात्याचाही अभ्यास करायचा.

रानवारा

लेख आवडला, पण मी विरुद्ध बाजूनं बोलणार. ही सगळी कौतुकाची बाजू झाली. विरोधी पक्षानं तपशीलवार पर्याय मांडला की होतं काय, ते दोन निवडणुकांमध्ये स्पष्ट दिसलं आहे.

पहिली ब्रिटनची, १९९२. छाया अर्थमंत्री जॉन स्मिथ यांनी मतदानाच्या काही आठवडे आधी रीतसर 'छाया अर्थसंकल्प' मांडला. कुणावर किती कर वाढेल, पेन्शन किती वाढेल, सगळं आकड्यांनिशी. सत्तेतल्या हुजूर पक्षाला आयतं कोलीत मिळालं. मजूर पक्ष आला की करांचा बॉम्ब पडणार, हा प्रचार त्यांनी शेवटपर्यंत चालवला आणि जिंकले.

दुसरी ऑस्ट्रेलियाची, १९९३. विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९९१ च्या नोव्हेंबरात 'फाइटबॅक' नावाचा शेकडो पानांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात १५ टक्के वस्तू व सेवा कर होता. देशात मंदी, बेकारी प्रचंड, पंतप्रधान पॉल कीटिंग यांची लोकप्रियता घसरलेली. ही निवडणूक ह्यूसन हरूच शकत नाहीत, असं सगळे म्हणत. मतदानाच्या आधी टीव्हीवर मुलाखतकारानं विचारलं, तुमचा कर आल्यावर वाढदिवसाचा केक महाग होईल की स्वस्त? ह्यूसन सांगायला लागले की केक कुठल्या प्रकारचा आहे, सजवलेला आहे का, त्यावर आज कुठला विक्रीकर लागतो, त्यावर ते अवलंबून आहे. तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर होतं! पण ऐकणाऱ्याला एवढंच कळलं की ज्यानं हा कर बनवला त्यालाच एका केकची किंमत सांगता येत नाही. १३ मार्च १९९३ ला कीटिंग जिंकले.

तेव्हा प्रश्न असा की ज्या पक्षाला जिंकायचं आहे त्यानं स्वतःहून सरकारच्या हातात निशाण का द्यावं? सरकारच्या चुका मोजायच्या आणि गप्प बसायचं, हेच शहाणपणाचं नाही का?

सभागृहप्रेमी

रानवारा, दोन्ही उदाहरणं चपखल आहेत आणि हा आक्षेप हलक्यानं घेण्यासारखा नाही. पण ब्रिटनची गोष्ट तुम्ही १९९२ ला थांबवलीत, ती पुढे न्यायला हवी.

त्या पराभवानंतर जॉन स्मिथ पक्षनेते झाले आणि छाया अर्थमंत्रिपद ब्राऊन यांच्याकडे आलं. कर हा आपला सगळ्यात कच्चा दुवा आहे, हे त्यांनी १९९२ मध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं. जानेवारी १९९७ मध्ये, निवडणुकीला चार महिने असताना, त्यांनी जाहीर केलं की प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही आणि पहिली दोन वर्षं हुजूर पक्षानं आखलेल्या खर्चाच्या मर्यादेतच राहू. स्वपक्षातले अनेक जण नाराज झाले. शाळा-इस्पितळांना पैसा हवा होता, आणि इथे आपलाच माणूस हात बांधून घेत होता. पण ते हात बांधले म्हणूनच या वेळी करांचा बॉम्ब फुटला नाही, आणि सत्तेत आल्यावर ब्राऊन यांनी ती दोन वर्षं खरोखर पाळली.

म्हणजे १९९२ ला जो मार बसला तो वाया गेला नाही, कारण त्या खात्याची आठवण ठेवणारी एक खुर्ची होती. पक्षात खाती वाटलेलीच नसती तर पराभवाचं खापर नेत्यावर फुटलं असतं आणि करांचं धोरण पुन्हा पाटी कोरी करून लिहायला घेतलं असतं.

ह्यूसन यांच्याबद्दल: तोच वस्तू व सेवा कर, दर कमी करून १० टक्के, ऑस्ट्रेलियात १ जुलै २००० ला त्यांच्याच पक्षाच्या जॉन हॉवर्ड सरकारनं आणला. ह्यूसन हरले, पण विरोधी बाकांवर झालेलं काम फुकट गेलं असं म्हणता येणार नाही. तपशील किती आणि कधी उघड करायचा याचं तारतम्य हवं, इथपर्यंत तुमचं म्हणणं मान्य. "गप्प बसायचं" मात्र मान्य नाही. गप्प बसून जिंकलेला पक्ष सत्तेत आल्यावर पहिली दोन वर्षं खातं समजून घेण्यात घालवतो आणि त्याची किंमत लोक मोजतात.

प्रश्नचिन्ह

हे वाचून पुढचा प्रश्न. छाया मंत्री झालेल्याला सत्ता आल्यावर तेच खातं मिळतंच का? नसेल तर पाच वर्षांच्या अभ्यासाचं काय?

तळटीप

मिळतंच असं नाही, पण आता बहुधा मिळतं. २०२४ मध्ये मजूर पक्ष जिंकला तेव्हा रेचल रीव्ह्ज अर्थ, इव्हेट कूपर गृह, डेव्हिड लॅमी परराष्ट्र, जॉन हीली संरक्षण, वेस स्ट्रीटिंग आरोग्य, ब्रिजेट फिलिप्सन शिक्षण, सगळे आपापल्या छाया खात्यातूनच खऱ्या खात्यात गेले. एमिली थॉर्नबेरी छाया महान्यायवादी होत्या, त्यांना मात्र वगळलं आणि ते पद संसदेबाहेरच्या वकिलाला, रिचर्ड हर्मर यांना दिलं. त्यासाठी हर्मर यांना वरिष्ठ सभागृहात, म्हणजे लॉर्ड्समध्ये, घ्यावं लागलं. थॉर्नबेरी यांनी आपलं दुःख लपवलं नाही.

त्या विजयानंतर पंतप्रधान झालेले कीर स्टार्मर स्वतः २०१६ ते २०२० छाया ब्रेक्झिट मंत्री होते. युरोपीय संघाशी चाललेल्या वाटाघाटींवर सरकारला किचकट कायदेशीर प्रश्न विचारणं हेच त्यांचं काम होतं. नेतेपदापर्यंत ते तिथूनच पोचले.

खडूफळा

मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे या धाग्याची लिंक वर्गात देणार आहे. एक बाजू अजून आली नाही, ती शिस्तीची. छाया मंत्रिमंडळालाही सामूहिक जबाबदारी लागू होते. आत काय भांडायचं ते भांडा, बाहेर एकच भूमिका. ती मोडली की पद जातं.

एनॉक पॉवेल हुजूर पक्षाचे छाया संरक्षणमंत्री होते. २० एप्रिल १९६८ ला बर्मिंगहॅममध्ये त्यांनी स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना काढून टाकलं. पॉवेल यांना लोकांत मोठा पाठिंबा होता, त्यांच्या बाजूनं लंडनचे गोदी कामगार मोर्चा घेऊन संसदेवर आले, तरीही हीथ मागे हटले नाहीत. सत्ता नसलेल्या, पगार नसलेल्या पदावरून काढणं हीसुद्धा केवढी मोठी राजकीय कृती होऊ शकते, हे मी मुलांना याच प्रसंगावरून सांगते. त्या पदाला वजन होतं म्हणून तर काढण्याला अर्थ आला.

उलट बाजू जून २०१६ ची. ब्रेक्झिटचं सार्वमत २३ जूनला झालं. २६ तारखेच्या पहाटे मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी छाया परराष्ट्रमंत्री हिलरी बेन यांना काढलं आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत छाया मंत्रिमंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. पक्षाच्या खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी नेत्यावर अविश्वास दाखवला, पण नेतेपद पक्षसदस्यांच्या मतावर असल्यामुळे कॉर्बिन राहिले. खाती भरायला माणसं पुरेनात. पॉल फ्लिन वयाच्या ८१ व्या वर्षी छाया सभागृह नेते झाले आणि वेल्सचं छाया खातंही त्यांच्याकडेच आलं. त्या उन्हाळ्यात देशापुढे पिढीतला सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि सरकारसमोरची बाकं विस्कटलेली होती. मला ते बघून फार वाईट वाटलं होतं.

मधलीवाट

सगळं मान्य, पण ही उदाहरणं दोन पक्षांच्या सभागृहातली आहेत. विरोधी बाकांवर दहा-बारा पक्ष असतील तर? खातं कुठल्या पक्षाला द्यायचं यावरूनच आघाडी मोडेल. आणि विरोधात असताना अर्थखातं मिळालेला पक्ष सत्ता आल्यावर त्यावर हक्क सांगणारच. निवडणुकीआधीच खातेवाटप करायला कुठली आघाडी तयार होईल?

शिवाय सगळ्यात मोठा विरोधी पक्ष सत्तेचा दावेदार असेलच असंही नाही. कॅनडात १९९३ ला सत्तेतला पुरोगामी हुजूर पक्ष थेट २ जागांवर आला आणि अधिकृत विरोधी पक्ष झाला तो ५४ जागांचा ब्लॉक क्वेबेकवा, ज्यानं क्वेबेक प्रांताबाहेर एकही उमेदवार दिला नव्हता आणि ज्याला क्वेबेक कॅनडापासून वेगळा करायचा होता. सबंध देश चालवायची ज्याची इच्छाच नाही, त्याचं छाया मंत्रिमंडळ कुणाची छाया?

जुनेदफ्तर

मधलीवाट यांच्या प्रश्नाला जोडून भारतापुरतं लिहितो. विधिमंडळाच्या कामकाजाशी माझा नोकरीच्या काळात जवळून संबंध आला आहे, त्यामुळे मला यातली खरी अडचण पक्षांच्या संख्येपेक्षा नियमांच्या पुस्तकात दिसते.

ब्रिटनच्या कॉमन्समध्ये दर काही आठवड्यांनी प्रत्येक खात्याची पाळी येते. त्या दिवशी साध्या सदस्यांचे प्रश्न चिठ्ठ्या टाकून निघतात, पण छाया मंत्र्याला चिठ्ठीची गरज नसते. अध्यक्ष त्याला पुकारतातच. त्याच्या वाट्याचे प्रश्न राखीव असतात. मंत्री सभागृहात निवेदन करणार असेल तर त्याची प्रत थोडा वेळ आधी समोरच्या छाया मंत्र्याकडे पोचते, आणि निवेदन संपल्यावर पहिला बोलतो तोच. शिवाय एका अधिवेशनात २० दिवस कामकाजाचा विषय विरोधक ठरवतात, त्यातले १७ मुख्य विरोधी पक्षाचे.

आता लोकसभा घ्या. तारांकित, म्हणजे मंत्र्यानं तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न दिवसाला २०, तेही चिठ्ठीनं. खाती पाच गटांत विभागलेली, प्रत्येक गटाला आठवड्यातला एक दिवस. विरोधी पक्षानं एखाद्याला छाया रेल्वेमंत्री नेमलं, त्यानं वर्षभर अभ्यास केला, आणि रेल्वेच्या दिवशी त्याची चिठ्ठीच निघाली नाही, तर तो पुरवणी प्रश्नासाठी हात वर करून बसणार. अध्यक्षांची नजर गेली तर गेली. विरोधकांसाठी ठरलेले दिवस नाहीत. शुक्रवारचे अडीच तास खासगी सदस्यांचे, तेवढेच. छाया मंत्री नेमला तरी त्याला उभं राहायला जागा कुठे आहे?

विरोधी पक्षनेत्याचं पद १९७७ च्या कायद्यानं मान्य झालं, कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला. यशवंतराव चव्हाणांनी त्याच वर्षी लोकसभेत ते पद सांभाळलं. पण कायदा एका नेत्यापाशी थांबतो, त्याच्या मागे बसलेल्यांना काहीच देत नाही. आणि किमान एकदशांश जागा असलेल्या पक्षालाच ते पद द्यायचं या संकेतामुळे २०१४ ते २०२४ ही दहा वर्षं लोकसभेत ते पदसुद्धा रिकामं होतं.

रानवारा

जुनेदफ्तर, हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मग आपल्याकडे जे प्रयोग जाहीर झाले त्यांचं असंच झालं का? ९ मार्च २०२० ला महाराष्ट्र नवनिर्माण सेनेनं वर्धापनदिनाच्या मेळाव्यात छाया मंत्रिमंडळ जाहीर केलं होतं. खातेनिहाय नेत्यांची लांबलचक यादी होती.

जुनेदफ्तर

तेव्हा त्या पक्षाचा विधानसभेत एकच आमदार होता. यादीतले बाकीचे सभागृहाबाहेरचे. ते अर्ज करू शकत होते, माहिती अधिकार वापरू शकत होते, पत्रकार परिषद घेऊ शकत होते, पण समोर उभं राहून मंत्र्याला प्रश्न विचारू शकत नव्हते. त्यातून त्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि सगळ्यांचंच राजकारण थांबलं. कल्पनेला दोष द्यायचं कारण नाही, पण सभागृहात पाय नसेल तर ती दबावगटाच्या पलीकडे जात नाही.

ओडिशाचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. २४ वर्षं सत्तेत राहून बिजू जनता दल २०२४ ला हरला, १४७ पैकी ५१ जागा आल्या. त्या जुलैत नवीन पटनायक यांनी आपल्या ५० आमदारांना खाती वाटून दिली. इथे माणसं सभागृहात होती, त्यातले काही स्वतः मंत्री राहून गेलेले. म्हणजे खात्याच्या फायली कशा फिरतात हे त्यांना ठाऊक. पण सगळ्यांनाच काही ना काही द्यायचं, यातून धार बोथट होते असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये मुख्य छाया मंत्री पंचवीस-तीसच्या आसपास, बाकीचे त्यांच्या हाताखाली आणि उरलेले साधे सदस्य.

मधलीवाट

मग नियम बदलेपर्यंत हातावर हात धरून बसायचं का? ते बदलणार सत्ताधारी, आणि त्यांना काय पडलंय?

खडूफळा

मला वाटतं, एक जागा आजही आहे. संसदेच्या खातेनिहाय स्थायी समित्या. १९९३ पासून आहेत, आता २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, मंत्री त्यात बसू शकत नाहीत. समितीसमोर खात्याच्या सचिवाला यावं लागतं, कागद द्यावे लागतात, खात्याच्या अनुदानाच्या मागण्या तिथे तपासल्या जातात. म्हणजे ब्रिटनमधल्या छाया मंत्र्याला एरवी जे मिळत नाही, अधिकाऱ्याला समोरासमोर प्रश्न विचारणं, ते इथे विरोधी खासदाराला मिळतं! लोकलेखा समितीचं अध्यक्षपद तर १९६७ पासून विरोधकांकडे आहे. पक्षानं ठरवलं की अमुक खासदार आमचा आरोग्याचा माणूस, तर त्याचं नाव आरोग्याच्याच समितीसाठी द्यावं आणि पाचही वर्षं तेच देत राहावं. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

जुनेदफ्तर

अगदी बरोबर, आणि नेमकं तेच होत नाही. समित्या दरवर्षी नव्यानं बनत आल्या आहेत आणि पक्ष नावं देताना सोयीनं फिरवतात. यंदा कोळसा, पुढच्या वर्षी परराष्ट्र. सचिव आपल्या जागेवर मुरलेला असतो, खासदार दर वेळी नवा. पक्षाच्या कार्यालयात बसून एका दुपारी सुधारता येईल अशी ही गोष्ट आहे.

राज्यांत मात्र बहुतेक ठिकाणी अशा समित्याच नाहीत. केरळनं १९८० पासून विषय समित्या चालवल्या आहेत, विधेयकं तिथे जातात.

प्रश्नचिन्ह

समजा एखाद्या राज्यात समिती नाही, प्रश्नाची चिठ्ठी निघत नाही, पक्षाकडे संशोधक नेमायला पैसे नाहीत. अशा पक्षाच्या छाया शिक्षणमंत्र्यानं सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं?

सभागृहप्रेमी

मी अर्थसंकल्पापासून सुरुवात करीन. प्रत्येक खात्याच्या मागण्यांचं पुस्तक आमदाराच्या हातात पडतंच. त्यात मागच्या वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, असे रकाने शेजारीशेजारी असतात. शाळांच्या दुरुस्तीसाठी किती मागितले, मध्येच किती कापले, प्रत्यक्षात किती खर्च झाले, हे त्या तीन रकान्यांतून दिसतं. त्यासाठी ना फाइल लागते ना अधिकारी. एका लेखाशीर्षाचा पाच वर्षांचा तक्ता केला की कुठली योजना फक्त घोषणेपुरती आहे ते डोळ्यांसमोर येतं. त्याच्या जोडीला महालेखापरीक्षकांचे अहवाल सभागृहात ठेवले जातात, तेही उघड असतात आणि फार थोडे लोक ते वाचतात.

मग सभागृह. वेळ संपला की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. ज्या खात्याची चर्चा अशी बुडाली, त्याच्या छाया मंत्र्यानं त्याच संध्याकाळी आपलं चार पानी टिपण स्वतःच्या नावानं जाहीर करावं: एवढा पैसा मागितला, एवढा वापरला नाही, आम्ही तो असा वापरला असता. पुढच्या वर्षी त्याच माणसानं तेच टिपण हातात धरून त्याच मंत्र्याला विचारावं, गेल्या मार्चमधल्या या आकड्याचं पुढे काय झालं?

जुनेदफ्तर

एक व्यावहारिक भर घालतो. टिपणात कपात सूचनेचा, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करावी अशा सूचनेचा, क्रमांकही द्यावा. कपात सूचना कुठलाही आमदार देऊ शकतो, ती छापून वाटली जाते आणि चर्चा बुडाली तरी कार्यालयात नोंद राहते. नंतर मंत्री "हा मुद्दा कुणी मांडलाच नव्हता" म्हणाला, तर तारखेसह दाखवता येतं.

प्रश्नचिन्ह

हे उपयोगी आहे. आमच्या मतदारसंघाचे आमदार विरोधी बाकांवरच आहेत. त्यांच्या पक्षानं त्यांना कुठलं खातं पाहायला सांगितलं आहे का, हे मी त्यांना पत्र लिहून विचारतो. उत्तर आलं की इथे टाकेन.